जुन्या लुगड्यांचे तीन ढीग: खान्देशातल्या परसाचं आणि गोधडीचं वर्ष

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पत्र्याची मोठी पेटी उघडते. सासूबाईंची जुनी लुगडी, माझ्या विटलेल्या साड्या, नणंदेनं "वहिनी, तुमच्या कामी येतील" म्हणून पाठवलेली पातळं, असं सगळं ओट्यावर येतं. दुपारपर्यंत त्याचे तीन ढीग लागतात. एका ढिगाची गोधडी होते, दुसऱ्याच्या पिशव्या आणि पुरचुंड्या, आणि तिसरा ढीग मे महिन्यात झाडांवर सावली धरतो. आमच्या घरचं वर्ष तिथून सुरू होतं.

आम्ही यावल तालुक्यात, तापीच्या बाजूला राहतो. घरामागे वीस बाय तीस फुटांचं परस आहे. नवरा नोकरीसाठी रोज भुसावळला ये-जा करतो. लेक अकरा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. परसबाग करायची, हातानं काही शिवायचं, मुलांना घेऊन नदीवर, डोंगरावर जायचं, हे खूप जणांच्या मनात असतं. पण सगळं एकदम धरलं की दोन महिन्यांत दमछाक होते. मला सुरुवातीची तीन वर्षं हेच झालं. मार्चमध्ये हौसेनं टमाटे लावायचे आणि मेमध्ये वाळलेल्या काड्या उपटायच्या. पुण्याकडच्या हवेला धरून दिलेले सल्ले आपल्याकडे चालत नाहीत. इथे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, आणि काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून कामं उन्हाच्या कलानं वाटून घ्यायची. होळीपासून मृगापर्यंत हातात सुई, मृगापासून पुढच्या होळीपर्यंत खुरपं. हे लक्षात आल्यावर आमच्याकडे दोन्ही कामं टिकली.

ढीग कसे लावायचे

प्रत्येक साडी उजेडासमोर धरा. जिथून उजेड जाळीसारखा आरपार दिसतो तिथे कापड विरलं आहे. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकं ताणा. 'टर्र' असा बारीक आवाज आला तर ते गोधडीच्या पोटातही फार टिकणार नाही.

धडधाकट, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड पहिल्या ढिगात. विरलेलं, पण तुकड्यातुकड्यानं चांगलं असलेलं सुती कापड दुसऱ्यात. सिंथेटिक साड्या सगळ्या तिसऱ्यात. सिंथेटिक साडी गोधडीत घालू नका, ती कितीही नवी असू दे. ती घाम टिपत नाही, बाकीच्या थरांवरून सरकते आणि उन्हाळ्यात अंगाखाली गरम लागते. सावलीसाठी मात्र ती सुती कापडापेक्षा जास्त दिवस तग धरते. घरोघरी अशा साड्या पडून असतात, त्यांना हे चांगलं काम आहे.

पहिल्या दोन ढिगांचे फॉल उसवा, काठ जड असेल तर वेगळा काढून ठेवा, गरम पाण्यात धुवा आणि कडक वाळवा. कापड आटायचं ते आत्ताच आटलं पाहिजे. उसवण्याचं काम धाकट्याला देते. एका बाजूचा दोरा कापला की दुसऱ्या बाजूनं तो सर्रकन ओढून काढायला त्याला फार आवडतं.

उन्हाळा: बाग जगवणे

एप्रिल-मेमध्ये नवीन काही लावू नका. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, मोगरा, तुळस आणि दोन-चार मिरच्या एवढीच झाडं सांभाळायची.

सावली करताना साडी झाडाला टेकू द्यायची नाही. डोक्यापेक्षा थोडी उंच बांधायची, म्हणजे खालून वारा खेळतो. झाडाला खरा त्रास दुपारनंतरच्या तिरप्या उन्हाचा आणि लूचा असतो, म्हणून पश्चिमेकडून एक साडी पडद्यासारखी उभी सोडायची. शक्य तर फिक्या रंगाची घ्या. आता बांधायचं कसं? साडीच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवली तर पहिल्याच वावटळीत ते भोक हातभर फाटतं. त्यापेक्षा सुपारीएवढा गोल खडा कोपऱ्यापासून चार बोटं आत ठेवा, कापड त्याच्याभोवती गोळा करा आणि खड्याच्या मानेला दोरी आवळा. खडा सुटत नाही आणि कापड फाटत नाही. लांब कडेलाही दर तीन फुटांवर असा एक खडा बांधा.

पाण्यासाठी मडकं पुरा. कुंभाराकडून चार-पाच लिटरचं, रंग न दिलेलं मडकं आणायचं. रात्री भरून ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागलं तर ते पाझरतं आहे. मडक्याच्या दुप्पट रुंद खड्डा करून, भोवती माती आणि शेणखत सारखं मिसळून भरा. मडक्याचं तोंड जमिनीच्या दोन बोटं वर राहिलं पाहिजे. तोंडावर सुती कापड बांधा आणि वर झाकणी ठेवा, नाहीतर आत डास होतात. मिरची, वांगं अशी तीन-चार रोपं मडक्यापासून वीतभर अंतरावर लावली की मुळं आपोआप ओल्या बाजूला वळतात. मेमध्ये तीन दिवसांनी एकदा भरायचं. आमच्याकडे अशी सहा मडकी आहेत.

न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे केळी, अळू आणि कर्दळ. पालेभाज्यांना ते पाणी देऊ नका, आणि धुण्याचं साबणाचं पाणी रोज रोज केळीलाही नको.

उघडी जमीन मात्र झाका. यावल-रावेरकडे केळीची वाळलेली पानं कोणीही सहज देतं. झाडाच्या बुंध्यापासून चार बोटं सोडून वीतभर जाडीचा थर द्या. पावसापर्यंत तो निम्मा होतो आणि खाली गांडुळं दिसू लागतात.

दुपार: गोधडी

बारा ते चार बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा पंख्याखाली गोधडी पसरायची. पहिली गोधडी लहान मुलाच्या मापाची करा. मोठीला दीड पन्हा, म्हणजे कापडाची दीडपट रुंदी, जोडावा लागतो, थर सरकतात आणि नवशिक्याचा धीर सुटतो.

दोन पाचवारी सुती साड्या पुरतात. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर पन्ह्याची असते. पहिल्या साडीचे १३० सेंटिमीटर लांबीचे चार तुकडे करा आणि पन्हा दोन्हीकडून थोडा कापून १०८ वर आणा. हे चार थर पोटात जातील. दुसऱ्या साडीतून १३८ सेंटिमीटरचे दोन तुकडे काढा, त्यांचा पन्हा तसाच ठेवा. एक वरचा, एक खालचा. कापड सरळ फाडता येत असेल तर कात्रीऐवजी फाडाच, उभ्या-आडव्या धाग्याला धरून कड नीट येते. उरलेलं अडीच-पावणेतीन मीटर कापड पिशव्यांच्या ढिगात टाका.

दोरा जाड सुती घ्या. एवढ्या गोधडीला दुहेरी दोऱ्यानं सव्वाशे ते दीडशे मीटर लागतो, तेव्हा एकाच रंगाचा आधीच आणून ठेवा. सुई लांब आणि मजबूत हवी, पण दाभण नको. दाभणानं कापडाला भोकं पडतात. अंगठ्याला आणि मधल्या बोटाला अंगुस्ताना लागतोच. बाजारचा पत्र्याचा बसत नसेल तर जुन्या पर्सच्या चामड्याची टोपी शिवून घ्या.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा तुकडा उलटा पसरा आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. आमच्याकडे वरवंटा, खलबत्ता आणि दोन तेलाचे डबे कोपरे धरतात. त्याच्या मधोमध पोटातले चार थर एकेक करून पसरायचे. प्रत्येक थर हाताच्या तळव्यानं मधून कडेकडे सारवल्यासारखा सपाट करायचा, घाई न करता. सगळ्यात वर दुसरा मोठा तुकडा सुलट.

आता कच्चे टाके. माझ्या पहिल्या गोधडीत मी हे गाळले. कडेपासून सरळ धावदोरा घालत आत गेले. बारा दिवसांनी मध्यावर पोचले तर वरचं कापड घडीघडीनं गोळा झालेलं, खालचं ताणलेलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, शेजारी बसून उसवायला लागल्या. ते उसवायला आम्हा दोघींना पाच दुपारी लागल्या. तेव्हापासून मी मधून कडेकडे, आधी अधिकच्या चिन्हासारखे, मग कोपऱ्यांकडे तिरपे, मग दर वीतभर अंतरावर असे बोटभर लांबीचे कच्चे टाके घालते. वेगळ्या रंगाचा दोरा वापरा, शेवटी ओढून काढताना दिसतो. यात एक आख्खी दुपार जाते.

मग कडा. वरच्या आणि खालच्या तुकड्याची जास्तीची कड आत दुमडून, पोटातले थर त्यात झाकून, चारी बाजूंनी बारीक टाक्यानं शिवून घ्या. कोपऱ्यात कापड जाड होतं, तिथे आतलं थोडं छाटून टाका.

त्यानंतर खरा धावदोरा. दोरा एका वेळी हातभरापेक्षा थोडाच जास्त घ्या. लांब घेतला की वेळ वाचतो असं वाटतं, पण तो पीळ खातो आणि गुंततो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला की कापडातून गुळगुळीत जातो. गाठ वर दिसू द्यायची नाही. सुई दोन थरांमधून घालून हलका झटका दिला की गाठ आत जाऊन बसते. कडेपासून बोटभर आत पहिली रांग, चारी बाजूंनी फिरून पुन्हा सुरुवातीला, मग आणखी बोटभर आत दुसरी. चौकोनात चौकोन असे आत आत जायचं. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा दिसावा, दोन टाक्यांमधली जागाही तेवढीच. एका वेळी सुईवर चार टाके भरायचे आणि मग ओढायचं. प्रत्येक वेळी डावा हात खाली घालून सुईचं टोक सगळ्या थरांतून गेलं का ते बोटाला लागलं पाहिजे. सुरुवातीला डावी तर्जनी टोचून टोचून खरखरीत होते. खोबरेल लावून झोपायचं.

रोज दीड तास बसलं तर अडीच-तीन आठवड्यांत ही गोधडी होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या चार दिवसांत आमच्याकडची गोधडी सगळ्यात भरभर पुढे सरकते. चौघी चार बाजूंनी बसतात. गाणी, गप्पा, कोणाची तरी रडारड, आणि मध्ये टाके. कोणाचा टाका मोठा, कोणाचा तिरपा, ते नंतर वर्षानुवर्षं ओळखू येतं. माझ्या नणंदेचा टाका नेहमी उजवीकडे कलतो. ती आता सुरतला असते, पण पांघरूण ओढताना तिची रांग हाताला लागते.

मुलांना यात कसं घ्यायचं? पाच-सहा वर्षांच्या मुलाला सुई ओवायला द्या. सासूबाईंना आता सुईचं नेढं दिसत नाही. धाकटा शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून सुईदाणीत टोचून ठेवतो, प्रत्येकीला गाठ मारून. दुपारी सासूबाई एकेक काढतात आणि संपली की रिकामी सुई उलटी टोचतात. संध्याकाळी दहाच्या दहा मोजल्याशिवाय गोधडी उचलायची नाही हा आमचा नियम आहे. गोधडीत राहिलेली सुई मुलाच्या अंगाखाली येऊ शकते, तेव्हा हा नियम तुम्हीही मोडू नका. आठ वर्षांपुढच्या मुलामुलींना पुरचुंडीवर धावदोरा शिकवा. मुलांनाही शिकवा, मुलींनाच नको.

पहिली धुलाई थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून, गोधडी एकटीच. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं आणि दोन बाजूंनी उन्हात घालायची. पावसाळ्यात ठेवताना घडीत सुकलेला कडुनिंबाचा पाला ठेवतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऊन पडेल त्या दिवशी तासभर बाहेर काढणं.

नवी गोधडी आम्ही धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, वापरून बघतो. मेमध्ये अंधार पडल्यावर धाब्यावर पाणी शिंपडायचं, नऊपर्यंत ते निवतं. उत्तरेकडे सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की लालसर पिवळी स्वाती लागते, अजून पुढे नेला की पांढरीशुभ्र चित्रा. उशिरापर्यंत जागं राहिलं तर दक्षिण-पूर्वेला विंचवाची नांगी वर येते आणि त्याच्या छातीतली ज्येष्ठा लाल दिसते. लेकीला हे तारे पाठ आहेत. त्याला दुर्बीण लागत नाही, मोबाइल तर खाली घरातच राहू द्यावा.

मृग: जमीन, वाफे, बी

काळ्या मातीचं एक कळलं की निम्मं काम झालं. पावसात ती पाणी धरून ठेवते, आणि मुळं हवेवाचून गुदमरतात. पहिल्या वर्षी मी सपाट जमिनीत वांग्याची तीस रोपं लावली होती. जुलैत चार दिवस झड लागली आणि रोपं खालून पिवळी पडत गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बुळबुळीत. एकही वाचलं नाही. तेव्हापासून सपाट लावणं बंद.

वाफा वीतभर उंच आणि तीन फूट रुंद करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. दोन वाफ्यांत फूटभर वाट सोडा आणि तिचा उतार परसाच्या बाहेर काढा. तीन बाय आठ फुटांच्या वाफ्याला चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत मिसळा. हे सगळं पावसाआधी, माती कोरडी असतानाच करायचं. पाऊस पडल्यावर वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, येईपर्यंत मातीला हात लावू नका. मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. चपटा होऊन पडला तर अजून एक-दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत खुरपं चालवलं की नंतर तिची ढेकळं विटेसारखी होतात.

जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर गिलकी (घोसाळी), दोडकी, कारली, गंगाफळ (लाल भोपळा), भेंडी, गवार आणि चवळी. वेलांचं बी रात्रभर भिजवा आणि तीन-तीन फुटांवर, प्रत्येक आळ्यात दोन, बोटाच्या एका पेराएवढं खोल टोबा. उगवल्यावर जोमदार रोप ठेवून दुसरं काढा. मांडवाला बांबूचे खांब आणि वर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. बांधायला केळीचं सोपट (खोडाची वाळलेली साल) भिजवून वापरा. ते वेलाला कापत नाही आणि हंगाम संपल्यावर मांडवासकट खतात जातं.

भरताच्या वांग्याचं बी जूनमध्ये एका कोपऱ्यात गादीवाफ्यावर टाका. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते हिरवट-पांढरं, लठ्ठ, कमी बियांचं वाणच लावा, जांभळ्या वांग्याच्या भरताला ती चव नाही. पाच-सहा आठवड्यांनी संध्याकाळच्या वेळी रोपं काढून अडीच-तीन फुटांवर लावा. सहा झाडं एका घराला पुरून उरतात. त्यांच्यामध्ये झेंडू लावा. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना तो आळा घालतो आणि दसऱ्याला तोरण घरचं होतं.

जीवामृत हे पातळ खत परसापुरतं करायचं तर दहा लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दोन-तीन दिवसांनी पाण्यात मिसळून वाफ्यांना द्या.

श्रावण: फळाला पिशवी

श्रावणात कानबाई देवीच्या सणाची गडबड असते, आणि त्याच दिवसांत गिलक्यांवर फळमाशी येते. कोवळ्या फळात ती अंडी घालते, फळ वाकडं होऊन आतून किडतं. दुसऱ्या ढिगातलं कापड इथे कामी येतं. विरलेल्या मलमली कापडाच्या तीस सेंटिमीटर लांब, बारा-पंधरा सेंटिमीटर रुंद पिशव्या शिवा आणि तोंडाला नाडी ओवा. फूल सुकून फळ करंगळीएवढं झालं की पिशवी चढवायची. त्याआधी चढवली तर मधमाशी पोचत नाही आणि फळ गळतं. आठवड्याभरात गिलकं काढायला येतं आणि पिशवी पुढच्या फळाला. माझ्या लेकीनं शिवलेल्या पहिल्या वीस पिशव्या याच होत्या. टाके वेडेवाकडे असले तरी चालतं, म्हणून शिकायला हे काम सगळ्यात चांगलं. किडलेली फळं खताच्या ढिगात टाकू नका, गुडघाभर खोल पुरा.

मावा, तुडतुड्यांसाठी निंबोळी. आषाढात कडुनिंबाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. पन्नास ग्रॅम कुटून पुरचुंडीत बांधा, एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी दुधासारखं पाणी निघेपर्यंत पिळा, चिमूटभर साबण मिसळून ऊन उतरल्यावर फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

दुधी लावला असेल तर चिरताना एक बारीक फोड चाखून पाहा. कडू लागला तर तो थुंकून सगळा टाकून द्या, थोडा कडू आहे म्हणून शिजवू नका. कडू दुधी विषारी असतो.

वाफ्यात उगवणारं सगळंच तण नसतं. घोळ, चिवळ, तांदुळजा निंदताना वेगळे काढा, त्यांची भाजी त्याच दिवशी होते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला वनभाज्यांची स्पर्धा भरते. रानातलं किती काय खाता येतं ते तिथल्या बायाबापड्यांकडून समजतं. पण स्वतः ओळखत नसलेली वनस्पती केवळ फोटो बघून कधी शिजवू नका.

आणि एक काम मुद्दाम करा. पहाटे पाचला मुलांना मांडवाखाली न्या. गिलक्याचं फूल त्या वेळी उमलतं. दोडक्याचं त्याच मांडवावर संध्याकाळी उमलतं. पिवळं फूल तेच, वेल शेजारी शेजारी, वेळ मात्र उलटी. धाकटा दोन दिवस दोन्ही वेळेला मांडवाखाली बसून होता.

हिवाळा

नवरात्रानंतर मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, लसूण. सगळा वाफा एकदम पेरू नका. तीन भाग करून पंधरा-पंधरा दिवसांनी पेरा. धने हातानं रगडून दोन फाका करायचे. मेथी महिन्याभरात खुडायला येते.

डिसेंबरात भरीत. वांगी तेल लावून पऱ्हाट्यांच्या जाळावर सगळीकडून खरपूस भाजायची, साल काढून लाकडी बडजीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचायची. वर शेंगदाणे आणि कांद्याची पात, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही.

थंडीत रविवारी बाहेर पडा. भुसावळजवळ हतनूर धरणाच्या पाणथळीवर हिवाळी पाहुणे बदकं उतरतात. उजाडायच्या आत पोचा, भडक कपडे नकोत. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला आहे, येताना तिथे थांबता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रावेर तालुक्यातल्या पाल गावाच्या बाजूला सातपुड्यात पळस पेटलेला असतो. चाळीसगावकडच्यांना पाटणादेवी जवळ. जाताना जुन्या साडीची एक मोठी पिशवी न्या, डबे, पाणी आणि परत येताना आपला कचरा त्यातच. पाहिलेलं एक काहीतरी मुलांनी पुढच्या गोधडीच्या ठिगळावर दोऱ्यानं काढायचं, असं आमच्याकडे चालतं. लेकीनं गेल्या वर्षी पळसाचं फूल काढलं. केशरी दोरा संपला, म्हणून एक पाकळी लाल आहे.

माघात मांडवावर मुद्दाम सोडलेली दोन गिलकी वाळून खुळखुळायला लागतात. टोक मोडून उलटी धरली की काळं बी घरंगळतं. आतली जाळी अंग घासायला ठेवा. वांग्याचं बी काढायचं तर फळ झाडावरच पिवळं होऊ द्या, गर पाण्यात कुस्करा, तळाशी बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवा. दाताखाली कट्कन मोडेल इतकं बी वाळलं की चाळलेल्या राखेत घोळवून पुरचुंडीत बांधायचं. पुरचुंडीवर नाव लिहिलं तर शाई पुसते, म्हणून दोऱ्यानं काढा. आमच्याकडे गिलक्याला एक उभा टाका, दोडक्याला दोन, वांग्याला गोल. सगळ्या पुरचुंड्या कोरड्या मडक्यात, वर कापड, आणि मडकं त्या पत्र्याच्या पेटीशेजारी.